नदीच्या नावाने द्यावयाचे दान

धर्मकृत्यांचा विचार करताना आपल्या शास्त्रकारांनी इष्ट आणि पूर्त असा भेद केला आहे. यज्ञयागादी कर्मे ती इष्ट. विहीर, तळे, देवालय, उपवन, अन्नसत्र यांसारखी लोकांच्या उपयोगी पडणारी कामे ती पूर्त. इष्टाचे सोपस्कार आमच्या घरांतून अद्याप थोडेबहुत चालू आहेत. मुंजी होतात, लघुरुद्र होतात, गुरुजींची दक्षिणा आधी ठरते, आणि ते योग्यच आहे. पूर्ताचे मात्र आम्ही जवळजवळ विसर्जन केले. विहिरी, तळी आणि नद्या ही सगळी सरकारची व महानगरपालिकेची कामे, आपण कर भरतो तेवढे पुरे, अशी समजूत करून घेऊन सुशिक्षित कुटुंबे निश्चिंत बसली आहेत.

या सदराच्या एका वाचक भगिनींचे पत्र माझ्यापुढे आहे. तीन भावांचे एकत्र कुटुंब, राहणे पुण्यात, मूळ गाव भीमेच्या काठी. सासऱ्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त काही रक्कम दान करावी असे घरात ठरले. परंतु ती कोठे द्यावी यावर एकमत होत नाही. वृद्ध सासूबाईंच्या मनात गावच्या नदीवर लहानसा घाट बांधून त्यावर यजमानांच्या नावाची शिळा बसवावी असे आहे. थोरले दीर म्हणतात, जमीन कुळांकडे गेली, वाडा पडला, आता त्या गावाशी आपला संबंध तो काय उरला? या भगिनींचा मुलगा नदीचे काम करणाऱ्या एका संस्थेत दर रविवारी जातो. सगळी रक्कम त्या संस्थेस द्यावी असा त्याचा आग्रह. "संस्थेला दिलेली वर्गणी हा धर्म होतो काय?" असे त्या विचारतात. प्रश्न एका घरचा नव्हे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

प्रथम थोरल्या दिरांचा आक्षेप घेऊ. १९४८ चा कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक झाली. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजोबांची जमीन त्या वेळी गेली, आणि घरातील वडील मंडळींच्या बोलण्यात तो सल अजून येतो. जो नांगर धरतो त्याची जमीन व्हावी यात मला स्वतःला अन्याय दिसत नाही. पण तो वाद येथे नको. जमिनीचा संबंध तुटला हे खरे आहे. पाण्याचा संबंध तुटलेला नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे, आणि तो कसा ते नकाशा पुढे घेऊन पाहावे.

पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचे पाणी पुण्याच्या नळाला येते. स्नान, धुणे, भांडी होऊन ते मोरीतून बाहेर पडते. शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत, तथापि सगळे पाणी शुद्ध होऊनच नदीत जाते असे कोणीही म्हणत नाही. हे पाणी मुळा-मुठेतून थेऊरवरून पूर्वेकडे येते आणि रांजणगाव सांडसच्या बाजूस भीमेला मिळते. आमच्या न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की पारगावाजवळ भीमेचा पूल लागतो. उन्हाळ्यात त्या पुलावर उभे राहून कित्येकदा नदी दिसत नाही, जलपर्णीचे हिरवे शेत दिसते. तेच पाणी पुढे दौंडवरून, सिद्धटेकवरून उजनीच्या जलाशयात आणि तेथून पंढरपुरास चंद्रभागा म्हणून जाते. अष्टविनायकांची यात्रा करणारे कुटुंब थेऊरास मुळा-मुठेच्या काठी उतरते, सिद्धटेकास भीमेच्या काठी उतरते, आणि दोन्ही ठिकाणी पाण्याचा वास आला म्हणून नाकाला पदर लावते. त्या वासात आपल्याच घरच्या मोरीचा वाटा आहे हे यात्रेतल्या एखाद्या मुलाने मोठ्याने म्हणून दाखविले तर त्याला दटावू नये. थोरल्या दिरांचा गावाशी संबंध दररोज सकाळी सात वाजता सुरू होतो.

आणि संबंध एकाच बाजूचा नाही. आम्ही न्हावरेकर घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मध्ये बसलो आहो. दोन्ही सह्याद्रीतून येतात. घोड आहुप्याकडून, भीमा भीमाशंकराहून. तेथे पाऊस धो धो कोसळतो, आणि आमच्या शिरूर तालुक्यात वर्षाचा मिळून पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तर तो बरा पाऊस. डिंभे, चासकमान, चिंचणीचे घोड धरण ही नावे आमच्याकडील शेतकऱ्याच्या तोंडी देवांच्या नावांसारखी येतात ती याच कारणाने. वरच्या गावाने डोंगर उघडा केला की खालच्या गावाचे धरण गाळाने भरते, वरच्या शहराने मैला सोडला की खालच्याची विहीर बिघडते. नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकावर कोणीतरी वरचा आहे आणि त्याच्या खाली कोणीतरी आहे. नदीचे काम करणाऱ्या संस्थेला साहाय्य करावयाचे ते या दोहोंपैकी कोणाचेतरी देणे फेडण्यासाठी. उपकाराची भाषा येथे लागू पडत नाही.

आता या संस्था करतात तरी काय? पुष्कळांची कल्पना अशी की, नदीचे काम म्हणजे पाण्यातील कचरा काढणे. तो कामाचा शेवटचा आणि सर्वांत लहान भाग आहे. नदी पात्रात सुरू होत नाही. ज्या ज्या उतारावर पडलेले पाणी ओघळून तिला मिळते तो सारा प्रदेश तिचा पाणलोट, आणि काम करावयाचे ते त्या पाणलोटाच्या माथ्यावरून पायथ्याकडे. आधी डोंगरउतारावर समपातळीत चर खणावयाचे, मग ओघळींना दगडी बांध, त्यानंतर नाल्यांवर बांध आणि सर्वांत खाली पाझर तलाव. हा क्रम उलटा केला तर खालचा तलाव दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरून जातो. पुढारी आणि देणगीदार या दोघांनाही खालचा तलावच आधी हवा असतो, कारण फीत तेथेच कापता येते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात नायगाव येथे आहे. तेथील कऱ्हा नदी पुढे नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. म्हणजे तेही आमच्या भीमेच्याच कुळातले पाणी. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी त्या भागातील दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहिली. हजारो हात दगड फोडीत आहेत आणि त्यातून पुढच्या दुष्काळाला उपयोगी पडेल असे काहीच उभे राहत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. १९७४ मध्ये त्यांनी नायगावच्या देवस्थानाची सुमारे चाळीस एकर माळजमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर बांधबंदिस्ती, खाली पाझर तलाव, त्याखाली विहीर, आणि विहिरीचे पाणी उपसून पुन्हा वर, अशी व्यवस्था केली. या कामी त्यांच्या पत्नी कल्पनाताई साळुंखे बरोबरीने होत्या. पुढे ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था उभी राहिली आणि तिच्या कामास लोकांनी पाणी पंचायत हे नाव दिले.

मी जन्माचा शिक्षक, म्हणून येथे एक हिशेब मांडतो. घरातील मुलांकडून तो करवून घ्यावा. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. चाळीस एकर म्हणजे सुमारे सोळा हेक्टर. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर धरला तर त्या माळावर आठ कोटी लिटर पाणी पडले. आता यातील किती वाहून गेले, किती वाफ होऊन गेले आणि किती मुरले एवढाच प्रश्न राहतो. पाणलोटाची विद्या म्हणजे या तिसऱ्या आकड्याची वाढ. दुष्काळी तालुका म्हणून ज्याला आपण हिणवितो त्याच्या एका माळावर आठ कोटी लिटर पाणी आकाशातून येते, हे कळल्यावर मुलांचे डोळे कसे विस्फारतात ते पाहण्यासारखे असते.

परंतु नायगावचे खरे महत्त्व बांधापेक्षा वाटणीत आहे. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने द्यावयाचे असे तेथे ठरले. माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, आणि कुटुंब केवढेही असले तरी जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तर हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो पंचायतीकडे परत येतो. पाणी सोडावयास गटाचा नेमलेला पाटकरी. आणि अधिक पाणी पिणारी पिके, विशेषतः ऊस, घ्यावयाचा नाही. आमच्या शिरूर-दौंडकडील वाचक येथे घसा खाकरतील हे मला ठाऊक आहे.

पैशाची व्यवस्थाही पाहण्यासारखी होती. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः भरावयाचा, निम्मा सरकारी अनुदानातून यावयाचा, आणि राहिलेले तीस टक्के प्रतिष्ठानने बिनव्याजी कर्जाऊ द्यावयाचे. देणगीदाराचा रुपया अशा रीतीने एका गावात पुरून राहत नसे. फेड होऊन दुसऱ्या गावास जाण्याची त्याची तयारी असे. सर्वच योजना टिकल्या असे नाही. साळुंखे २००२ साली निवर्तले. त्यांच्या मागे ते काम चालविणे कल्पनाताईंच्या अंगावर आले. माणूस गेल्यावर संस्था जगते ती तिच्याकडे दरवर्षी नियमाने काहीतरी येत असेल तरच, आणि येथेच आपल्या दानपद्धतीचे वैगुण्य दिसून येते.

देणगीदार पहिली अट अशी घालतो की, आमचा पैसा प्रत्यक्ष कामातच गेला पाहिजे, पगारात जाता कामा नये. ऐकावयास ही अट मोठी सात्त्विक वाटते. तथापि अन्नसत्रास दान देताना "तांदूळ घ्या, पण आचाऱ्याला वेतन देऊ नका" असे आपण म्हणतो काय? वेदपाठशाळेला देणगी देताना गुरुजींनी उपाशी राहून संथा द्यावी अशी अट घालतो काय? बांध एकदा घातला जातो. पण त्या बांधाच्या वरच्या बाजूच्या दहा घरांनी शेळ्या माळावर मोकळ्या सोडू नयेत म्हणून दहा वेळा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसणारा कार्यकर्ता हाच त्या बांधाचा खरा दगड होय. त्याला महिन्याचे वेतन लागते, फटफटीला पेट्रोल लागते. पर्जन्यमापकाची रोज नोंद करणारा, चैत्रात गावोगावच्या विहिरींची पातळी दोर सोडून मोजणारा, हिशेब लिहिणारा, यांच्यासाठी देणगी द्यावयास कोणी पुढे येत नाही. त्यावर नाव कोरता येत नाही ना!

घोडनदीपलीकडे पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. १९७५ मध्ये अण्णा हजारे गावी परतले तेव्हा तेथे एक पाझर तलाव आधीच बांधलेला होता, पण तो गळत होता. पाणी राहत नव्हते. गावकऱ्यांनी श्रमदानाने तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी आले. नवीन काही न बांधता झालेली ही पहिली सुधारणा. पुढचा सारा इतिहास सर्वांस ठाऊक आहे, तो येथे उगाळीत नाही.

यावरून सासूबाईंच्या शिळेकडे वळतो. त्यांची इच्छा अनादर करण्याजोगी नाही. पतीच्या नावाने पाण्याकाठी काही राहावे ही भावना आपल्या संस्कृतीत फार जुनी आहे. परंतु शास्त्रकारांनी तळे-विहिरीच्या दानास जो विधी सांगितला त्याचे नाव उत्सर्ग. नीलकंठभट्टांच्या बारा मयूखांत या विषयाला वाहिलेला उत्सर्गमयूख नावाचा स्वतंत्र ग्रंथ आहे. उत्सर्ग म्हणजे सोडणे. तळे बांधणाऱ्याने ते सर्व प्राण्यांसाठी सोडावयाचे, त्यावर आपले स्वामित्व ठेवावयाचे नाही. शिवाय नवीन बांधण्याहून मोडकळीस आलेल्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्यकारक, असेही धर्मग्रंथांतून सांगितले आहे. हे सासूबाईंना त्यांच्याच गुरुजींकडून समजावून सांगवावे. सुनेने सांगितले तर त्याला वादाचे रूप येते. आणि नदीच्या पात्रात आणखी सिमेंट ओतून नदीवर उपकार होतो हे मला मान्य नाही. काठ हा नदीचा अवयव आहे. गवत, वाळा, उंबर, करंज यांनी धरलेला काठ पाणी गाळून घेतो, सिमेंटचा काठ ते ढकलून देतो. शिळाच हवी असेल तर गावातील जुन्या आडाचा गाळ काढावा, त्याचा कठडा दुरुस्त करावा, आणि तेथे ती बसवावी. खर्चही थोडा.

आता रविवारी जाणारा मुलगा. त्याची संस्था कोणती ते पत्रात नाही. पुण्यात जीवितनदी नावाची संस्था काही वर्षे काम करीत आहे. नदीकाठाचा एकेक तुकडा काही नागरिकांनी दत्तक घ्यावा, आठवड्यास तेथे जाऊन तो पाहावा, तेथील झाडे, पक्षी, पाणी यांची ओळख करून घ्यावी, असा तिचा उपक्रम आहे; विठ्ठलवाडीस मुठेच्या काठी तो चालतो. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो तिचा दुसरा आग्रह: घरात वापरावयाचे साबण, दंतमंजन, फरशी व शौचकूप धुण्याची तीव्र द्रव्ये यांतील विषे कमी करावी. कारण शुद्धीकरण केंद्रे झाली तरी सगळीच रसायने तेथे नष्ट होत नाहीत. रिठे, शिकेकाई, राख, डाळीचे पीठ यांवर आमच्या आजीच्या काळी घर चालत असे. त्या सर्व गोष्टी परत आणा असे मी म्हणत नाही. बारा-पंधरा माणसांच्या घरात राखेने भांडी घासावयास कोणी तयार होणार नाही आणि तो भार पुन्हा सुनांवरच पडेल. परंतु मोरीत ओतण्याच्या बाटल्या पाचांवरून दोनांवर आणणे हे वाणसामानाची यादी लिहिणाऱ्याच्या हातात आहे, आणि एकत्र कुटुंबात ती यादी एकच असते. अशा संस्थेजवळ दाखविण्यासारखा बांध किंवा तलाव नसतो, म्हणून तिला पैसे मिळणे अधिकच कठीण.

म्हणून माझे मत असे की, रक्कम एकदम देऊन टाकू नये. तिचे पाच भाग करावे आणि पाच वर्षे दरसाल एक भाग द्यावा, "आपणास आवश्यक वाटेल त्या खर्चासाठी" असे पत्रात स्पष्ट लिहून. निम्मा भाग पुण्यातील कामास, निम्मा मूळ गावाच्या बाजूस पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थेस. पहिल्या वर्षी देण्यापूर्वी मात्र चौकशी अवश्य करावी. नोंदणी आहे काय, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब जातो काय, तपासलेला ताळेबंद दाखवितात काय, हे विचारण्यात संकोच नसावा. चांगल्या संस्थेला असा प्रश्न आवडतो. छायाचित्रे पाहून भुलू नये. आषाढात रोप लावतानाचे छायाचित्र सर्वांजवळ असते, आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावणारी मंडळीही आमच्या तालुक्यात आहेत. त्यापेक्षा पाच वर्षांपूर्वी केलेले काम आज दाखवा असे म्हणावे, आणि कोणते काम फसले तेही विचारावे. घरातील निवृत्त भावाने संस्थेच्या हिशेबाच्या वह्या महिन्यातून दोन दिवस लिहून दिल्या, तर त्या मदतीचे मोल देणगीहून कमी नाही; बँकेतून निवृत्त झालेली माणसे आपल्या घरांतून काही थोडी नाहीत. थोरल्या दिरांना हे काम सुचवून पाहावे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. करसवलतीच्या पावतीसाठी पुष्कळ देणग्या मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येतात. डोंगरावर चर खणण्याचे, बांध दुरुस्त करण्याचे दिवस मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत; मृग लागला की काम बंद. मार्चअखेर पैसे हाती आले तर मजूर ठरवीपर्यंत निम्मा हंगाम निघून गेलेला असतो, आणि तोच पैसा पुढच्या वर्षापर्यंत बँकेत पडून राहतो. तेव्हा दिवाळीचा घरखर्च मिटविताना याच वहीत ही रक्कम मांडावी आणि कार्तिकातच पाठवून द्यावी. पावती मार्चमध्ये मागितली तरी मिळते.